कळकलेलं ताक आणि न कळकलेलं दूध

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मराठीच्या तासाला मी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं, 'कळकणे', आणि अर्थ विचारला. एक मुलगा म्हणाला, "सर, कळकट होणे." एका मुलीनं 'कळणे'शी नातं जोडायचा प्रयत्न केला. खरा अर्थ कुणालाच सांगता आला नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. ज्या भांड्यांमुळे हा शब्द जन्मला, ती भांडी त्यांच्या घरात नाहीत.

तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात ताक, दही, चिंचेचं सार असं काही आंबट ठेवलं की थोड्या वेळात त्याची चव बिघडते. तोंडाला तुरट, कडवट, धातूचा वास लागतो, कधी कधी कडेला हिरवट थर दिसतो. अशा ताकाला आपल्या आज्या म्हणत, "ताक कळकलं, टाकून द्या." भांड्यातला धातू अन्नात उतरला, एवढा सगळा प्रकार मराठीनं एका क्रियापदात बसवला आहे. आज प्रयोगशाळेतले लोक प्लास्टिकची पिशवी, पत्र्याचा डबा किंवा छापील कागद यांतून रसायनं अन्नात उतरतात त्याला 'मायग्रेशन' म्हणतात. उर्दूच्या तासाला मी त्याला हिजरत म्हणेन, मराठीत स्थलांतर. पण स्वयंपाकघरातला आपला शब्द त्याआधीचा आहे.

मात्र ह्या शब्दाची एक मर्यादाही आहे. ती एका घराला फार महागात पडली, आणि ते घर आमच्या शेजारचं होतं.

नानांचा भाता

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, कल्हईवाले होते. तालुक्याच्या गावात आमची गल्ली आणि ब्राह्मण आळी यांच्यामध्ये एक चिंचेचं झाड होतं, त्याखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी, चामड्याचा भाता, कोळशाचं पोतं आणि बसायला गोणपाट. लहानपणी सुट्टीत भाता ओढायचं काम माझ्याकडे असे.

आधी भांडं आतून घासून लख्ख करायचं. मग कोळशावर तापवायचं, सांडशीत धरून फिरवत राहायचं. पुरेसं तापलं की आत नवसागराची चिमूट टाकायची. भसकन पांढरा धूर उठायचा आणि डोळे चुरचुरायचे. नवसागर धातूवरचा मळ आणि गंज खाऊन टाकतो, म्हणजे कथील धरायला जागा मिळते. मग कथलाची कांडी तापल्या भांड्याला नुसती टेकवायची. कथील 232 अंशांनाच वितळतं, तांबं वितळायला हजाराहून जास्त अंश लागतात, म्हणून हा खेळ जमतो. वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवलं की काळवंडलेलं तांबं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. मग पाण्यात बुडवायचं, चर्र आवाज, आणि पुढचं भांडं.

हे कल्हईचं अस्तर कायमचं नसतं. घासण्यानं आणि पळी-उलथण्यानं ते झिजतं आणि खालचा तांबूस रंग डोकावायला लागतो. तो दिसला की बायका भांडं नानांकडे पाठवत. उर्दूत एखाद्याचं ढोंग उघडं पडलं की 'क़लई खुल गई' म्हणतात, ती म्हण ह्याच तांबूस डागावरून आली आहे.

'कल्हई' हा शब्द मूळचा अरबी, क़लई. त्याचा अर्थ कथील. नवव्या शतकातला भूगोलकार इब्न खुर्दाज़बिह मलाया किनाऱ्याकडच्या 'कलह' नावाच्या बंदराचा आणि तिथल्या कथलाच्या खाणींचा उल्लेख करतो. त्या बंदराच्या नावावरून धातूला क़लई हे नाव पडलं असं बरेच अभ्यासक मानतात. तोच शब्द पुढे पोर्तुगीजांनी उचलला आणि 'कालाइं' केला. मलायाचं कथील, अरबांचं गलबत, कोकणातलं बंदर आणि आमच्या गल्लीतला भाता, असा ह्या शब्दाचा प्रवास आहे.

कल्हई ही नुसती सफाई नव्हती, ती कायद्याची बाब होती. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सेव्हिल शहरात, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये, इब्न अब्दून नावाच्या माणसानं बाजार-नियमांचं पुस्तक लिहिलं. त्यात हरीसा शिजवणाऱ्यांची तांब्याची भांडी आणि भजी-वडे तळणाऱ्यांच्या कढया कथलाच्या अस्तराच्याच असाव्यात, कारण तांबं तेलाबरोबर विषारी होतं, असा नियम आहे. त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी, स्वतंत्र भारताच्या 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांतही नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य ठरवली गेली.

म्हणजे भांडं अन्नात उतरतं हे ज्ञान नवं नाही. पण त्याला एक भोक होतं.

काकूंचं पातेलं

चिंचेच्या झाडापलीकडे पहिलं घर काकूंचं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि माझ्या आईच्या मैत्रीण आहेत. 1970 च्या दशकात त्यांची दोन मुलगे गेले. पहिला दीड वर्षाचा होऊन, दुसरा त्याच्या आधीच. दोघांचं दुखणं सारखं होतं. आधी बाळ चिडचिडं झालं, खाईना. पोट फुगलं. डॉक्टरनं पोट चाचपून सांगितलं, लिव्हर वाढली आहे, दगडासारखी लागते. मग डोळे पिवळे झाले, आणि काही आठवड्यांत सगळं संपलं.

पहिल्या मुलाच्या वेळी दृष्ट काढली गेली. दुसऱ्याच्या वेळी घरातल्यांनी निष्कर्ष काढला की काकूंच्याच दुधात दोष आहे. त्यांचं अंगावरचं पाजणं लवकर तोडलं गेलं आणि बाळाला गाईचं दूध सुरू झालं. ते दूध काकूंच्या माहेरहून आलेल्या पितळी पातेल्यात तापायचं आणि त्याच पातेल्यात दिवसभर राहायचं. काकू ते पातेलं रोज चिंच आणि राख लावून सोन्यासारखं घासत. बाळाच्या दुधाचं भांडं म्हणून सगळ्यांत जास्त निगा त्याचीच होती.

त्यांची तांब्याची भांडी, वरणाचं पातेलं, कढीचं पातेलं, सगळी नानांकडे कल्हईला येत. दुधाचं पातेलं कधी आलं नाही. अम्मी सांगते, एकदा काकूंनी विचारलं होतं, ह्यालाही करायची का? नाना म्हणाले होते, "दूध तो खट्टा नै बेटी, उसकू कलई कायकू?" दूध आंबट नाही, मग कल्हई कशाला?

त्यांचं बोलणं त्या काळच्या ज्ञानाला धरूनच होतं. ताक कळकतं, दूध कळकत नाही. चवीला काहीच लागत नाही, रंग बदलत नाही. ज्या धोक्याला जीभ ओळखते त्याच्यासाठी भाषेनं शब्द केला होता आणि कारागिरानं उपाय. ज्याला जीभ ओळखत नाही, त्याच्यासाठी दोन्ही नव्हतं.

पुण्यातला शोध

लहान मुलांच्या ह्या यकृतरोगाची नोंद 1880 च्या दशकात कलकत्त्याच्या डॉक्टरांनी केली होती. पुढे देशभरातून अशाच नोंदी येत गेल्या. साधारण सहा महिने ते तीन वर्षं वयाची मुलं, कठीण वाढलेलं यकृत, कावीळ, जलोदर, मृत्यू. एकाच आईची एकापाठोपाठ मुलं दगावत, म्हणून तो आनुवंशिक असावा असं वाटे. तो भारतीय उपखंडातच दिसतो म्हणून त्याला नावच मिळालं, 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस'. कावीळ झाल्यानंतर वाचणारं मूल विरळाच.

1970 च्या दशकाच्या शेवटी ह्या मुलांच्या यकृताच्या नमुन्यांत एक गोष्ट ठळकपणे दिसायला लागली. ऑर्सीन नावाचा रंग लावला की पेशींत तपकिरी दाणे दिसत, ते तांब्याशी जोडलेल्या प्रथिनाचे. मोजमाप केल्यावर तांब्याचं प्रमाण प्रचंड वाढलेलं निघालं. 1979 साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला. लिहिणाऱ्यांत ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर होते आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. आनंद पंडितही.

मग प्रश्न आला, बाळाच्या यकृतात इतकं तांबं येतं कुठून? ह्याचं उत्तर प्रयोगशाळेत नव्हतं, स्वयंपाकघरात होतं. पुण्याच्या डॉ. शीला भावे, डॉ. पंडित आणि टॅनर यांच्या गटानं आयांना साधे प्रश्न विचारले. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवता? कशात ठेवता? 1983 साली 'लॅन्सेट'मध्येच त्यांनी मांडलं की तांब्याच्या अंशानं दूषित झालेलं जनावराचं दूध फार लवकर सुरू करणं हे ह्या रोगाचं कारण असू शकतं. 1987 साली त्यांनी आजारी मुलांच्या आणि तुलनेसाठी घेतलेल्या मुलांच्या खाण्यापिण्याचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून दाखवला. फरक भांड्यात निघाला. आजारी मुलांच्या घरी वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यात तापवलं-ठेवलं जात होतं.

पण दूध आंबट नसतं, मग तांबं उतरतं कसं? टॅनर यांच्या गटानं तेही तपासलं. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन तांबं धरून ठेवतं. साध्या पाण्यापेक्षा दूध पितळेतून कितीतरी जास्त तांबं ओढून घेतं, आणि तापवलं की ते जास्तच. प्रथिनाशी बांधलेलं हे तांबं चवीत जाणवत नाही. दुसरी बाजू बाळाच्या शरीराची. शरीर जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. नवजात बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा मोठा असतो आणि ते बाहेर टाकण्याची त्याची ताकद अजून पुरती आलेली नसते. मोठ्या माणसाला जे पचतं, ते त्याच्या यकृतात साठत जातं. एकाच पातेल्यातलं दूध आजोबांना काही करत नाही आणि नातवाला मारतं, ते असं.

आता परत काकूंच्या घराकडे पाहा. आईच्या दुधात दोष आहे म्हणून ते तोडलं, आणि पितळेतलं दूध वाढवलं. जे बाळाला वाचवू शकलं असतं ते बंद केलं आणि ज्यात धोका होता ते जास्त पाजलं. सारं प्रेमापोटी.

पुण्याच्या डॉक्टरांनी शोधावर थांबायचं ठरवलं नाही. शरीरातलं तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध त्यांनी मुलांना देऊन पाहिलं, आणि रोग लवकर ओळखला तर काही मुलं वाचू शकतात हे दाखवलं. त्याहून महत्त्वाचा होता आयांना दिलेला सल्ला: बाळाचं दूध तांब्या-पितळेत तापवू नका, अंगावर पाजा. त्याच काळात स्टीलची आणि ॲल्युमिनियमची भांडी खेड्यापाड्यांत पोचत होती. 1990 च्या दशकात हा रोग बालरोग विभागांत दुर्मीळ झाला. आज तरुण डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सगळे संशोधक ह्या निष्कर्षाशी सहमत झाले नाहीत. तांबं हे कारण, की यकृत बिघडल्यामुळे साठलेला परिणाम, असा प्रश्न काहींनी धरून ठेवला. काही घरांत पितळ असूनही मुलं धडधाकट राहिली, म्हणजे शरीराची काही जन्मजात ठेवणही असावी. मला हा वाद रास्त वाटतो. पण ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातली गोष्ट वाचल्यावर भांड्याकडे बोट दाखवणं टाळता येत नाही. तिथल्या डोंगराळ खेड्यांत 1900 ते 1974 ह्या काळात 138 बालकं अशाच यकृतरोगानं दगावली. 1996 साली तिथल्या डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासून लिहिलं की त्या घरांत गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तयार केलं जाई, आणि ती भांडी जाऊन दुसरी आल्यावर रोग नाहीसा झाला. तिथेही जन्मजात ठेवण आणि भांडं असं दोन्ही एकत्र यावं लागत होतं, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकीय लेखनात हा रोग हिंदू घरांत जास्त दिसतो अशी नोंद आहे. मुस्लिम घरांत कल्हईच्या तांब्याची चाल जास्त, हिंदू घरांत पितळेची, हे लक्षात घेतलं तर त्याचा अर्थ लागू शकतो. म्हणून आपल्यापैकी कुणी मिशीला पीळ देऊ नये. टिरोलची मुलं ख्रिस्ती शेतकऱ्यांची होती. आणि काकूंच्या पातेल्याला कल्हई नको म्हणणारे माझे नाना होते.

पत्र्याचा डबा: कारखान्यातली कल्हई

नानांचं दुकान बंद पडलं ते स्टीलमुळे. पण कथील गेलं नाही, ते कारखान्यात गेलं. 1810 साली फ्रान्सच्या निकोला आपेरनं बाटलीत अन्न उकळून टिकवायची रीत छापून जाहीर केली आणि सरकारकडून 12,000 फ्रँक मिळवले. त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरँडनं पेटंट घेतलं, त्यात पत्र्याचा डबा होता. 1813 च्या सुमारास ब्रायन डाँकिन आणि त्याच्या भागीदारांचा कारखाना ब्रिटिश आरमाराला डबाबंद मांस पुरवू लागला. हा डबा म्हणजे लोखंडाचा पत्रा आणि त्यावर कथील. आपल्या भाषेत, कल्हई केलेलं लोखंड.

फक्त सांधे जोडायला शिशाचं डाग असे. 1845 साली सर जॉन फ्रँकलिन यांची आर्क्टिक मोहीम 129 माणसं आणि हजारो डबे घेऊन निघाली, एकही परत आला नाही. 1980 च्या दशकात कॅनडाच्या ओवेन बीटी यांनी बर्फात गोठलेले तीन मृतदेह उकरून तपासले तेव्हा त्यांत शिसं भरपूर सापडलं आणि डब्यांवर आरोप आला. पुढच्या अभ्यासांनी तो आरोप सौम्य केला, कारण त्या काळच्या इंग्रजांच्या अंगात नळापासून भांड्यापर्यंत अनेक वाटांनी शिसं जातच होतं. मोहिमेचं काहीही असो, शिशाचे सांधे अन्नात शिसं सोडतात ह्यात वाद नव्हता. तरी अमेरिकेनं असे डबे कायद्यानं बंद केले ते 1995 साली.

कथीलही पूर्ण निर्दोष नाही. टोमॅटो, अननस अशा आंबट पदार्थांत ते हळूहळू विरघळतं, आणि डबा उघडून हवा आत गेली की वेगानं. म्हणून डबाबंद अन्नात किलोमागे 250 मिलिग्रॅम कथील ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांत ठेवलेली आहे, आणि म्हणूनच उघडलेल्या डब्यातलं उरलेलं अन्न दुसऱ्या भांड्यात काढायचं असतं. ताक कळकतं तसंच हे.

मग कथलावर आणखी एक अस्तर आलं, इपॉक्सी लाखेचं. ही कल्हईवरची कल्हई. तिच्यात बिस्फेनॉल-ए नावाचं रसायन वापरलं जातं. हे रसायन 1891 साली प्रथम तयार झालं. 1936 साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी दाखवलं की ते शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. म्हणजे गुणधर्म आधी माहीत होता, अन्नाच्या डब्यात ते नंतर आलं. पारदर्शक कडक प्लास्टिकच्या दूधबाटल्यांतही तेच होतं. भारतीय मानक ब्युरोनं बाळांच्या अशा बाटल्यांवर 2015 साली बंदी आणली. फ्रान्सनं त्याच वर्षी अन्नाच्या सगळ्या वेष्टनांतून ते हद्दपार केलं. 2023 साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं त्याची रोजची सुरक्षित मात्रा आधीच्या वीस हजाराव्या भागावर आणली, आणि 2024 च्या अखेरीस युरोपीय संघानं अन्नाच्या वेष्टनांत त्याच्या वापरावर बंदीचा निर्णय घेतला. तात्पर्य, काल सुरक्षित म्हटलेली मात्रा आज सुरक्षित राहील असं नाही. हे दूध तापवताना काकूंनाही सांगता आलं नसतं, नानांनाही नाही.

आपल्या हातातलं

आपल्याकडे 2016 च्या डिसेंबरात अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असा इशारा दिला. 2018 च्या वेष्टन नियमांत वर्तमानपत्र आणि तत्सम छापील कागद अन्नाला लावायला मनाई झाली, ते नियम 1 जुलै 2019 पासून लागू आहेत. त्याच नियमांत प्लास्टिकच्या वेष्टनातून अन्नात एकूण किती अंश उतरू शकतो त्याची मर्यादा आहे, किलोमागे 60 मिलिग्रॅम. म्हणजे सरकारलाही मान्य आहे की काही ना काही उतरतंच. प्रश्न काय उतरतं, किती आणि कुणाच्या पोटात, हाच आहे.

तरी माझ्या शाळेबाहेर भजी आजही कालच्या बातम्यांवरच मिळतात. इफ्तारीच्या वेळी आमच्याच मोहल्ल्यात उकळता शोरबा पातळ पिशवीत ओततात आणि गाठ मारतात. टपरीवरून चहा पिशवीतून येतो. मी कुणाला नावं ठेवत नाही, मीही तो प्यायलो आहे. पण चार गोष्टी ध्यानात ठेवल्या तर बरंच टळतं: उष्णता, आंबटपणा, तेल आणि वेळ. ह्या चारांपैकी जेवढ्या जास्त, तेवढं वेष्टन अन्नात जास्त उतरतं. उकळता शोरबा तेलकट आणि गरम, भजी तेलकट आणि गरम, लोणचं आंबट, तेलकट आणि वर्षभराचं. शोरब्याला घरून डबा नेणं एवढं अवघड नाही. लोणच्याला काचेची बरणी ही आपली जुनीच रीत आहे.

आणि जुनी रीत म्हटलं की दुसऱ्या टोकाला जाणारे भेटतात. हल्ली तांब्याच्या बाटल्यांची लाट आहे. पूर्वज सगळं जाणत होते असा निरोप फोनवर रोज येतो. तांब्याच्या भांड्यातलं साधं पाणी मोठ्या माणसाला सहसा बाधत नाही, पण त्यात लिंबू पिळू नये, ताक ठेवू नये आणि बाळाचं दूध तर मुळीच नाही. पूर्वज जे चवीनं कळत होतं ते नक्की जाणत होते. जे चवीनं कळत नव्हतं, त्याची किंमत त्यांनी लेकरं पुरून मोजली. ते आपल्याला कळलं ते पुण्याच्या डॉक्टरांनी आयांना प्रश्न विचारले, यकृतातलं तांबं मोजलं आणि दोन घरांची तुलना केली म्हणून. आजच्या वेष्टनांतून उतरणाऱ्या बहुतेक गोष्टी दुधातल्या तांब्यासारख्याच आहेत, जिभेला न कळणाऱ्या. त्या मोजाव्याच लागतात, आणि मोजणाऱ्यांकडे हिशेब मागावा लागतो.

हे सगळं वाचून झाल्यावर काकूंना सांगावं की नाही ह्यावर मी कित्येक महिने घालवले. त्यांच्या मुलांना नेमकं काय झालं होतं ह्याचा कागद आज कुणाकडे नाही. मी डॉक्टर नाही. पातेल्याचं नाव घेतलं तर एका दोषाच्या जागी दुसरा देऊन बसेन, ही भीती होती. ते पातेलं माहेरचं होतं, आणि ते घासणारे हात त्यांचेच होते.

शेवटी ह्या ईदला शीरखुर्मा घेऊन गेलो तेव्हा बोललो. पातेल्यावरून सुरुवात केली नाही. म्हटलं, "काकू, पुण्याच्या डॉक्टरांनी अशा पुष्कळ मुलांचा अभ्यास केला होता. आईच्या दुधात दोष नव्हता. आईचं दूध तर औषध होतं."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लिहून ठेवलंय का रे त्यांनी असं?"

मी म्हटलं, "हो, लिहून ठेवलंय."

"मग सूनबाईला वाचून दाखव," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे अजून तसंच म्हणतात."

तो लेख इंग्रजीत आहे. म्हणून हा मराठीत लिहिला.